सिस्टरची भट्टी

घरात एक भट्टी असताना दुसरी आणायची म्हणजे एका म्यानात दोन तलवारी कोंबायच्या, असं बेकरीवाल्याचं ठाम मत होतं आणि ते त्यानं बायकोला ऐकवलंही. बायको म्हणाली, "तलवार नाही, सुरी करणार आहे. तीही लहान." आणि खोक्याची चिकटपट्टी कापायला बसली.

तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिची हयात गेली होती. डॉक्टरांनी नुसता हात पुढे करायचा आणि हवं ते हत्यार त्या हातात पडलेलं असायचं, अशी तिची ख्याती. गेल्या वर्षी तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली. उभं राहून पाय दुखतात, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं आणि त्यानं ते मान्य केलं.

पण रिकामी बसेल ती सिस्टर कसली? कपाटं लावून झाली, पडदे धुऊन झाले. मग ती समोर बेकरीत येऊन बसायला लागली आणि गिऱ्हाइकांना हात धुऊन यायला सांगायला लागली. दोघंतिघं हात धुवायला गेली ती परत आलीच नाहीत. त्यामुळे एके दिवशी तिनं आपण पाती घडवायला शिकणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बेकरीवाल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. चार दिवस मोबाइलवर बघेल आणि विसरेल, असा त्याचा हिशोब. तो हिशोब खोक्यातून बाहेर पडून आता त्याच्यासमोर उभा होता.

तसं ते प्रकरण दिसायला गरीब होतं. आडवा ठेवलेला दुधाचा कॅन असावा तेवढंच. पुढून उघडं, आतून पांढऱ्या लोकरीसारखं अस्तर, वरून खाली उतरणारी एक वाकडी नळी. ती गॅसच्या सिलिंडरला जोडायला लांब रबरी पाइप आणि दाब दाखवणारा काटा. बेकरीवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि हसू दाबलं. आगीशी त्याचा जन्माचा संबंध. दोन पुरुष उंचीची भट्टी रोज पहाटे पेटवणाऱ्या माणसाला हे खेळणं काय शिकवणार?

जागा मात्र त्यानंच करून दिली. बेकरीमागच्या शेडमध्ये मैद्याची पोती असायची. हवेत उडालेला मैदा ठिणगीला दारूसारखा पेटतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पोती दुसरीकडे हलवली, भिंती धुऊन घेतल्या, समोरासमोरची दोन्ही दारं कायमची उघडी ठेवली. सिस्टरनं त्याबद्दल त्याला मनापासून शाबासकी दिली. तिथंच तो चढला.

"चल, पेटवू या," तो म्हणाला.

सिस्टर म्हणाली, इतक्यात नाही. आतल्या त्या लोकरीचे बारीक तंतू उडतात, ते छातीत गेले तर जन्माचं दुखणं. आधी त्यावर तंतू घट्ट बसवणारं द्रावण फवारायचं, ते वाळलं की उष्णता सोसणाऱ्या मातीचा लेप द्यायचा, तोही नीट वाळू द्यायचा. एवढं सांगून तिनं तोंडाला मास्क बांधला, हातमोजे चढवले आणि ब्रश घेऊन बसली. लेप देतानाही कोपऱ्यात कुठं उघडं राहिलं का, हे ती टॉर्च मारून बघत होती.

"भट्टी आहे की पेशंट?" त्यानं विचारलं.

"आत्ता पेशंटच आहे," ती म्हणाली.

पेशंट वाळायला बरेच दिवस लागले. मग जोडणी झाली. प्रत्येक सांध्यावर सिस्टरनं साबणाचं पाणी लावलं. एका ठिकाणी बुडबुडे फुगले, तिथं पाना घालून तिनं ते आवळलं आणि पुन्हा साबण लावला. बेकरीवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा होता. शेवटी ती डोळ्यांना लावायचा चष्मा आणायला घरात गेली, आणि याला वाटलं, ती येईपर्यंत पेटवून ठेवावी. तेवढीच आपली मदत.

त्यानं गॅस सोडला. मग लायटर शोधला. तो शर्टाच्या खिशात नव्हता, पँटच्या खिशात नव्हता, खिडकीत सापडला. तोपर्यंत कॅनच्या पोटात गॅस पुरेसा जमला होता. त्यानं वाकून लायटर पुढे केला.

भुप्प, एवढाच आवाज झाला. जिभेसारखी एक ज्वाळा बाहेर आली, त्याच्या तोंडावरून फिरली आणि परत गेली. सिस्टर धावत आली. तिनं आधी सिलिंडर बंद केला आणि मगच नवऱ्याकडे पाहिलं. डोळे शाबूत होते. भुवया नव्हत्या.

"आधी ज्योत, मग गॅस," ती शांतपणे म्हणाली आणि मलम आणायला गेली.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला आलेला प्रत्येक जण त्याच्या तोंडाकडे बघून मग पावाकडे बघत होता. शेजारच्या टेलरमास्तरांनी तर, भुवया आल्टर करायला दुसऱ्याकडे दिल्यात का, अशी चौकशी केली. बेकरीवाल्यानं त्यांना कालचा पाव बांधून दिला.

पुढच्या खेपेला भट्टी सिस्टरनं पेटवली. बेकरीवाला आग विझवायचं नळकांडं पोटाशी धरून दाराजवळ उभा. तिनं लांब दांडीच्या लायटरची ज्योत आधी भट्टीच्या तोंडाशी नेली आणि मग गॅस हळूच सोडला. भट्टीनं मुकाट पेट घेतला. पण पिवळ्या जिभा बाहेर लोंबायला लागल्या आणि आवाज फडफड येत होता, ओल्या कपड्यासारखा. हवा कमी पडतेय, असं ती स्वतःशीच म्हणाली. नळीवरची चकती तिनं जराशी फिरवली. फडफड थांबली, एकसारखी घरघर सुरू झाली, आणि बघता बघता अस्तर आधी तांबडं, मग नारिंगी झालं. बेकरीवाला नळकांडं विसरून दोन पावलं पुढे आला. उभा जन्म भट्टीत डोकावणाऱ्या त्या माणसाला इतका सुंदर रंग दिसला नव्हता.

मग खरं काम सुरू झालं. गॅरेजवाल्यानं जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा कापून दिला. ऐरण म्हणून लाकडी ओंडक्यावर रुळाचा तुकडा बसवला. रोज दुपारी, बेकरी निवांत असताना, शेडमधून ठणठण ऐकू यायची. सुरुवातीला तिचे घाव वाटेल तिथं पडायचे. लोखंड थंड होऊन काळं पडलं तरी ही मारतच राहायची, मग आपणच स्वतःला रागवायची आणि तुकडा परत आत सरकवायची. पहिल्या आठवड्यात त्या तुकड्याला जो आकार आला, त्याला बेकरीवाल्यानं मासा म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, चमचा. मग एका दुपारी तो चहा घेऊन आला आणि काहीच म्हणाला नाही, कारण तिच्या सांडशीत खरोखरच एक पातं होतं.

आता त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एका झटक्यात थंड करून कडक करायचं. सिस्टरच्या वाचनाप्रमाणे या जातीच्या पोलादाला तेल लागतं. बेकरीवाल्यानं हरकत घेतली. पाणी द्यायचं म्हणतात ते काय उगाच? पूर्वीचे लोहार काय तेलाचे पिंप घेऊन बसत होते? आणि तेलाचा धूर पावाला लागला तर गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील. एरवी नाकावर माशी बसू न देणारी सिस्टर त्या दिवशी दमली होती. बरं, पाणी तर पाणी, असं म्हणून तिनं बादली ओढली.

पातं नारिंगी झालं. लोहचुंबक लावून पाहिलं तर चिकटेना, म्हणजे वेळ झाली होती. तिनं ते पाण्यात घातलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि त्या वाफेतून एक बारीक आवाज आला. टिक.

पात्याच्या मधोमध केसासारखी एक रेघ गेली होती. तिनं ते रुळावर हलकेच टेकवलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

सिस्टर स्टुलावर बसली. अर्धं पातं तिच्या उजव्या हातात होतं आणि ते थरथरत होतं. त्याला वाटलं, रडतेय. वाकून बघितलं तर डोळे कोरडे होते. हातच थरथरत होता.

"पाण्याचं माझं चुकलं," तो म्हणाला.

"पाण्याचं जाऊ द्या." तिनं भट्टी बंद केली. घरघर थांबल्यावर शेड एकदम मोठी वाटायला लागली. "नोकरी मी पायांमुळे नाही सोडली."

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. थिएटरमध्ये एकदा चिमटा देताना त्याचं टोक मोठ्या डॉक्टरांच्या बोटावर टकटक वाजलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि ते काही बोलले नाहीत. ते न बोलणंच तिला लागलं. तिनं गुपचूप तपासण्या करून घेतल्या. घाबरण्यासारखं काही नाही, काही जणांचे हात वयाबरोबर असे कापायला लागतात, असं निघालं. पण उद्या दुसऱ्या कुणी थांबवण्यापेक्षा आपणच थांबलेलं बरं, म्हणून तिनं राजीनामा दिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हातातला चहाचा कपसुद्धा काढून घेतला असता."

ते खरं होतं. आत्ताही ते तुटकं पातं तिच्या हातातून घ्यावं म्हणून त्याचा हात पुढे झालाच होता. तो त्यानं मागे घेतला.

"नुसतं धरलं की थरथरतो," ती हाताकडे बघत म्हणाली. "हातोडा मारताना नाही. एवढं जड असलं की मुकाट कामाला लागतो. पहिल्यांदा मारला ना, तेव्हा मला माझा जुना हात परत मिळाल्यासारखं वाटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात बेकरीवाल्याला एवढं कळलं होतं, की हिची कीव केली तर ही पुन्हा कधी काही सांगायची नाही. तो उठला, कोपऱ्यातून पाट्याचा उरलेला तुकडा उचलला आणि विचारलं, "मग हा तापवायचा का?"

"आज नाही," सिस्टर म्हणाली. "आधी तेल आणा."

तेल त्यानं बेकरीतलंच आणलं, चांगल्या डब्यातलं. दुसरं पातं पहिल्यापेक्षा लवकर झालं, कारण आता घाव कुठं घालायचा ते हाताला समजलं होतं. तेल जरा कोमट केलं, झाकण बाजूला तयार ठेवलं. पातं आत गेलं तसा वर ज्वाळेचा भडका उठला. बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले आणि कान टवकारले. टिक झालं नाही. थंड झाल्यावर तिनं त्यावर कानस ओढून पाहिली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

पण नुसतं कडक पातं काचेसारखंच तडकतं. त्याला मंद आचेवर शेकून थोडं नरम आणावं लागतं. सिस्टरनं पातं घासून चकचकीत केलं, आणि शेवटचा घाणा निघाल्यावर ते बेकरीच्या भट्टीत गेलं. ती घड्याळ घेऊन उभी, तो भट्टीच्या दाराच्या काचेला नाक लावून. पातं आधी पांढरट पिवळं पडलं, मग हळूहळू गव्हाळ व्हायला लागलं.

"काढ आता," तो म्हणाला. "बटर बिस्किटाचा रंग आला. याच्यापुढे करपतं."

तिचं म्हणणं, वेळ अजून व्हायची आहे. त्याचं म्हणणं, वेळ बघून बिस्किटं काढली असती तर बेकरी कधीच बंद पडली असती. शेवटी आच उतरवून वेळ पुरी करायची, अशी तडजोड झाली. थंड करून तिनं ते आणखी एकदा शेकलं, आणि या वेळी रंगाचं काम तिनं आपणहून त्याच्याकडे दिलं. तो पार पहिल्या दिवसासारखा चढला, पण या खेपेला त्याला चढायचा हक्क होता.

मूठ टेलरमास्तरांच्या मोडक्या खुर्चीच्या हाताची निघाली. सिस्टरनं ती मुद्दाम जाडजूड ठेवली, धरायला सोपी जावी म्हणून. धार काढायला तिला फार वेळ लागला. दगडावर पातं मधूनच टकटकायचं, मग ती थांबायची, दम घ्यायची आणि दोन्ही हातांनी पुन्हा सुरू करायची. बेकरीवाला समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता, निदान तसं दाखवत होता. एकदाही त्यानं "दे, मी करतो" म्हटलं नाही. हे त्याला भट्टीपेक्षा जास्त कठीण गेलं.

रविवारी सकाळी ताज्या पावाबरोबर तिनं टोमॅटो घेतला आणि नवी सुरी त्यावर टेकवली. जोर लावावाच लागला नाही, साल आपोआप उघडली. चकत्या मात्र एक जाड, एक पातळ, एक तिरकी अशा पडल्या. तिनं त्या तशाच ताटलीत मांडल्या. त्यानं सर्वांत जाड चकती उचलली, पावावर ठेवली आणि खाल्ली.

"पुढची अजून पातळ करायची," ती म्हणाली.

"सुरी की चकती?"

सिस्टरनं सुरी पुसून उजेडात धरली. पातं किंचित थरथरत होतं आणि त्याच्यावरचा उजेड भिंतीवर नाचत होता.

"दोन्ही," ती म्हणाली आणि दुसरा टोमॅटो घेतला.