सिराजभाईंचा लांब स्क्रू ड्रायव्हर

मी स्क्रू ड्रायव्हर बोलतोय. नाना पेठेतल्या सिराजभाईंच्या गॅरेजातला, हातभर लांब, लाकडी मुठीचा. हसू नका. स्क्रू पिळायला इथे धाकटे पाच-सहा आहेत, माझं काम वेगळं. चालू इंजिनावर माझं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते मी सांगायचो, सिराजभाई ऐकायचे.

अठ्ठावीस वर्षं ऐकलं त्यांनी. पार खराडीहून, खडकवासल्याहून लोक गाड्या घेऊन यायचे. "भाई, जरा कान लावून बघा," म्हणायचे. तेव्हाची माझी ऐट काय सांगू!

गेल्या दोन वर्षांत मात्र बिनसलं. मी तितक्याच जोरात सांगायचो. पण भाई मूठ एका कानावरून दुसऱ्या कानावर न्यायचे, डोळे मिटायचे, आणि शेवटी अंदाजाने काहीतरी बोलायचे. त्यांची मुलगी अफशीन एकदा म्हणाली, "अब्बू, कान दाखवून या ना. फोन वाजतो तेही कळत नाही तुम्हाला."

"गॅरेजात गोंगाट असतो," एवढंच भाई बोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बहिरा मेकॅनिक म्हटल्यावर गाडी कोण देणार?

मग मागच्या महिन्यात शरच्चंद्र सर आले. निवृत्त शिक्षक, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. क्लच प्लेट झिजली होती. भाईंनी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट आणि बेअरिंग नवं घातलं, गिअरबॉक्स परत चढवला. तिसऱ्या दिवशी सर पुन्हा दारात हजर.

"सिराजभाई, क्लच दाबला की खरखर येते. आधी नव्हती."

भाईंनी मला टेकवलं. सरांनी क्लच दाबला. अरे देवा, केवढी ती खरखर! नवं बेअरिंग तिरकं होऊन घासत होतं. मी जीव तोडून सांगितलं.

"काही नाही सर," भाई म्हणाले. "नवं आहे, बसेल."

"अहो, मला ऐकू येतंय, आणि मी पंच्याहत्तर वर्षांचा आहे. आपण कान घरी ठेवून आलात का?"

पुणेरी जीभ, बोलून गेली. भाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी तो पाहिला आणि गाडीची किल्ली हळूच भाईंपुढे धरली. फार वाईट वाटलं मला.

भाईंनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. बेअरिंगला ढकलणारा एक लोखंडी फाटा असतो. त्याच्या मागे, नजरेआड, बेअरिंग सरळ धरून ठेवणारी तारेची क्लिप बसवतात. ती दिसत नाही. 'टक' वाजलं की बसली समजायचं. भाईंनी जन्मभर ती तशीच बसवली. या वेळी 'टक' झालंच असेल असं धरून ते पुढे गेले होते. क्लिप अर्धवट लोंबकळत होती. ती हातात घेऊन भाई कितीतरी वेळ फरशीवर बसून राहिले.

मग त्यांनी बोट घालून, तीन-तीनदा चाचपून ती बसवली. गाडी जोडून झाली. सरांनी इंजिन चालू करून क्लच दाबला. खरखर नव्हती. मी तसं सांगितलं. भाईंनी मूठ कानाशी घट्ट दाबून धरली. मग मला बाकावर ठेवलं आणि गाडीच्या खिडकीशी वाकले.

"सर, आवाज गेला का हो?"

हा प्रश्न गिऱ्हाइकाने भाईंना विचारायचा असतो.

"गेला, सिराजभाई," सर हळू म्हणाले. भाई त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग सरांनी मान हलवून पुन्हा सांगितलं.

त्या दिवसापासून भाई इंजिनाचं काम घेत नाहीत. टायर बदलतात, ऑइल बदलतात. माझ्या टोकाने ग्रीसच्या डब्यांची झाकणं उचकटतात. मूठ तुकतुकीत होती, आता तिच्यावर ग्रीसचा थर आहे.

तुमच्या घरात कुणी दोनदा हाक मारूनही ओ देत नसेल, तर त्याच्यावर खेकसू नका. वेळेवर हाताला धरून डॉक्टरकडे न्या. आमचं राहून गेलं.

आणि भाई, झाकण उघडून झालं की एकदा मला पुसा आणि कानाला लावा. काही ऐकू आलं नाही तरी चालेल.