अहल्याबाईंचा तुकडा

चर्चमध्ये माणिकताईंनी प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक मृणालच्या हाताशी आणलं आणि अलगद वर उचलून पुढच्या माणसासमोर धरलं.

मृणालचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्याच हाताने तिने कपाळावरची बट मागे सारली, जणू तेवढ्यासाठीच तो उचलला होता. तिसऱ्या बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनीच गीतपुस्तकात डोळे घातले.

मंडळीबाहेर, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्याशी, लग्न केलेल्याने आधी सर्वांसमोर उभं राहून क्षमा मागायची, मगच प्रभुभोजनाला हात पुढे करायचा, असा नियम होता. मृणालने चार वर्षांपूर्वी विहंग करमरकरशी लग्न केलं होतं. नियम मंडळीच्या वहीत होता, आणि वहीतलं अक्षर माणिकताईंचं होतं. तीस वर्षं वॉर्डात औषधांच्या वेळा सांभाळलेली बाई ती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या भाकरीसाठी डबलरोटीच्या कडा काढून चौकोनी तुकडेही त्याच कापत, माणशी एक.

गंमत म्हणजे, पाळकसाहेबांचं प्रवचन आज त्याच्यावरच होतं. देवाने अब्राहामाला वचन दिलं तेव्हा नियमशास्त्र नव्हतंच मुळी. ते आलं चारशे तीस वर्षांनी. मागाहून आलेला नियम आधीचं वचन मोडू शकत नाही. माणिकताईंनी आपल्या बायबलात त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. पट्टी लावून.

उपासना संपली तेव्हा तबकात एक तुकडा उरला होता.

"अहल्याबाईंचा," पाळकसाहेब म्हणाले. "आजाऱ्यांचा वाटा तुम्हीच पोचवता ना, सिस्टर? आणि हो, आज तबक जरा घाईत फिरलं."

"नियम आहे, साहेब."

"आहे ना," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

अहल्याबाई म्हणजे मृणालची आई. आता लेकीकडेच असायच्या, नानाखेड्याला. दार मृणालनेच उघडलं. लहानपणापासून ती माणिकताईंना आत्या म्हणे.

"या आत्या. अंदर या, धूप किती आहे! आईचं आणलंय ना?"

"हो."

"चाय ठेवते. चाय तर चालेल ना माझ्या हातची?"

माणिकताई खुर्चीवर बसल्या.

अहल्याबाईंना माणसं ओळखू येणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. लेकीलाही त्या 'बाई' म्हणत. माणिकताईंनी प्रार्थना केली, डबीतला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. अहल्याबाईंनी तो निरखला. मग नखाने मधोमध मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा पुढे केला.

"घे गं पोरी. सकाळपासून उपाशी असशील."

माणिकताईंनी हे आधी ऐकलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी हेच शब्द, हाच आवाज. देवासहून नर्सिंग शिकायला आलेली एकोणीस वर्षांची पोर, बाप्तिस्मा न झालेली, शेवटच्या बाकावर. तबक तिला वगळून पुढे गेलं होतं, आणि शेजारच्या अनोळखी बाईने आपला तुकडा मोडून अर्धा तिच्या मुठीत कोंबला होता. बाप्तिस्मा व्हायला त्यानंतर दोन वर्षं लागली. तोवर दर महिन्याला अर्धा तुकडा मिळत राहिला. त्या बाईने कधी काही विचारलं नाही.

हे आपण विसरलो होतो का? नाही. आठवत होतं. तबक उचलतानाही आठवत होतं.

मृणाल चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवून वळली, तर माणिकताई समोर उभ्या. तळहातावर तो अर्धा तुकडा.

"घे, बेटा. चुकलं माझं."

मृणालने तुकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आवाज चढला नाही तिचा.

"तिथं सगळ्यांसमोर नाही, आणि इथं चुपचाप, आत्या?"

मागे सारायला माणिकताईंच्या कपाळावर बटही नव्हती. केस नेहमीसारखे अंबाड्यात घट्ट बांधलेले. हात तसाच पुढे राहिला.