कोटाखाली दोन हात

"चादर अजून ताण दादा, मधी घडी पडायलीय," दीपिका म्हणाली.

भागवतनं चादरीचं टोक खिडकीच्या गजाला आवळून बांधलं आणि बहिणीकडं न बघताच विचारलं, "हानामारी तरी हाय का ह्यात?"

"न्हाई."

"गाणे?"

"न्हाई."

"मग माणसं काय बघतील, चादर?"

दीपिकानं हा सिनेमा परभणीला कॉलेजच्या फिल्म क्लबात पाहिला होता. इटलीतला, जुना, काळापांढरा. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या माणसांनाही दाखवणार, असं तिनं सरांना ठणकावून सांगितलं आणि प्रोजेक्टरचं खोकं मांडीवर घेऊन एसटीनं पोखर्णीला आली. हौसेला मोल नसतं म्हणतात. कंडक्टरनं मात्र खोक्याचं तिकीट फाडलंच.

दिवस मावळला तशा शेजारच्या चतुराबाई पोतं अंथरून बसल्या. पाथरीचा दत्ताही एका बाजूला टेकला होता. तो व्यापारी, आला होता मेंढरं बघायला. भागवतनंच त्याला बोलावलं होतं. चराईची रानं उसाखाली गेली होती आणि पाथरीच्या रस्त्यावर जीप चालवणारा भागवत कळपामागं जायला तयार नव्हता. पण मेंढरं विकायचा विषय काढला की त्याचा बाप येडबा याच्याकडं एकच उत्तर होतं. ते त्यानं दत्तालाही ऐकवलं.

"माझं काय, मी आज इकीन. पर हिला मेंढरांबिगर करमायचं न्हाई."

हिला म्हणजे बायकोला, सुगंधाबाईला. ती तेव्हा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. आता आलाच आहात तर सिनेमा बघून जावा, असं दीपिका म्हणाली म्हणून दत्ता थांबला. व्यापारी माणूस आशा सोडत नाही.

सिनेमा सुरू झाला. धुकं, नदीचा बांध, त्यावरून एक म्हातारा पुढं आणि त्याची बायको मागं. दोघं चालत होते. चालतच होते. खाली येणारी अक्षरं मराठीत सांगायला दीपिका सरसावून बसली होती, पण पडद्यावर कुणी तोंड उघडेल तर ना!

"आगं, हे चाललेत कुठं?" चतुराबाईंनी विचारलं.

"कळंल काकू."

"कवा?"

भागवत फिदीफिदी हसला. दीपिकाचे कान तापले. इथं सिनेमा पडला तर सर काही म्हणणार नव्हते, पण तिला स्वतःला लय लागलं असतं.

मग ती बाई घरात आली. तिनं चुलीवर दूध ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली. दूध वर येऊ लागलं. बाई हलेना.

"उतू चाललं बाई, बघ की!" चतुराबाई ओरडल्या.

दूध गेलं. चतुराबाई अशा चुकचुकल्या, जणू दूध त्यांच्याच घरचं असावं. त्यानंतर मात्र अंगणात कुणी बोललं नाही. भागवतचा मोबाइल वाजला, तो त्यानं न बघता बंद केला. पडद्यावर काही घडत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती. त्या बाईच्या तोंडावरची एकेक सुरकुती मोठी होऊन समोर येत होती, आणि अशी बाई आपण कुठंतरी पाहिलीय असं ज्याला त्याला वाटत होतं.

शेवटी ती दोघं स्टेशनात येऊन बाकावर बसली. म्हाताऱ्यानं अंगातला कोट काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि समोर बघत राहिला. कोट खालून किंचित हलत होता.

येडबा ताठ झाला. "दत्ता, सौदा चाललाय!"

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणाऱ्या-देणाऱ्याच्या हातावर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकायची आणि खाली बोटं दाबून आकडा ठरवायचा. चार माणसांत बसून चौघांना पत्ता लागू द्यायचा नाही. येडबाची उभी हयात त्या दस्तीखाली गेली होती.

"आबा, ते प्रेम हाय," दीपिका कळवळून म्हणाली.

"आसंल की. प्रेमात घासाघीस नसती काय?"

"म्हातारा भाव लय कमी बोलायलाय," दत्तानं पुढं सरकत सांगितलं. "बाईचं तोंड बघा."

बाईनं हात काढून घेतला. कोट खाली पडला. गाडी आली, गेली, आणि सिनेमा तिथंच संपला.

बराच वेळ कुणी उठलं नाही. "काय झालं ते काय कळलं न्हाई बाई," चतुराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पर उठावंच वाटलं न्हाई. त्या बाईला एकलीला सोडून कसं उठावं?" दीपिकाला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

येडबा तर खुशीत होता. "बघितलं ना दत्ता? बाईला इकायचं न्हाई म्हंजे न्हाई. आमच्या घरात बी हेच हाय. सांग गं, दीपीचे माय."

सुगंधाबाई अजून कोऱ्या चादरीकडं बघत होती.

"म्या हात दिलाच कवा, काढून घ्यायला?" ती म्हणाली.

येडबा तिच्याकडं वळला.

"लगीन झाल्यापून चालायले मेंढरांमागं. गुडघे गेले. थांबायचं का म्हनून कुनी इचारलं न्हाई. इकायचं निघालं की माझं नाव पुढं करता. तुमाला इकवत न्हाई, तर तसं म्हना की."

भागवत आनंदानं उठायला गेला. दीपिकानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

येडबाला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती खोटं बोलत नव्हती. पहाटे वाड्यातून मेंढरं सुटली की त्याच्या छातीत जे भरून यायचं, ते त्यानं इतकी वर्षं बायकोच्या नावावर खपवलं होतं.

"न्हाई इकवत मला," तो म्हणाला. "कळतंय तवापून त्यांच्यातच हाय मी."

"आता कसं," सुगंधाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "तुमच्यासाठी म्हनून सांगा. चालते मी आनखी."

बोलता बोलता ती गुडघा चोळत होती. येडबा त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं दत्तासमोर आपला हात धरला. दत्तानं सवयीनं खांद्यावरची दस्ती ओढली.

"दस्ती ऱ्हाऊ दे," येडबा म्हणाला. "तोंडानं बोल. हिला ऐकू यील आसं."

दत्ता घुटमळला. मग त्यानं भाव सांगितला. येडबानं सुगंधाबाईकडं पाहिलं.

"कमी हाय," ती म्हणाली.