जाळीआडचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझे घर म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या तळघरातले जाळीचे कपाट. कपाटाला बाहेरून कुलूप आहे. खोलीला खिडकी नाही. गार हवा सोडणारी यंत्रे सतत घरघरत असतात, आणि माझा दिवा कुणी पाहो न पाहो, लुकलुकत असतो.

माझा जन्म मात्र भर उजेडात, शिवणाच्या टेबलावर झाला. दोघी बहिणी होत्या. थोरली ताई अबोल आणि हुशार. धाकटीला सगळे बडबडी म्हणत. त्यांची आई कपडे शिवायची. तिच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून ताईने मोडीत निघालेल्या यंत्रांच्या भागांतून मला जोडले. खोका एकाचा, पंखा भलत्याचाच. सुरू होताच मी इतका खडखडलो, की आपल्या शिलाई मशीनला जोडीदार मिळाला, असे म्हणून आई हसली.

त्या घराने एक मोठे दुखणे सोसले होते. दोन डॉक्टरांनी बाबांना दोन औषधे लिहून दिली होती. ती एकत्र घ्यायची नसतात, हे दुकानदाराच्या लक्षात आले नाही. बाबा वाचले, पण त्यांच्या चालण्यातला तोल कायमचा गेला. म्हणून ताईने औषधांच्या दुकानांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो माझ्यात ठेवला. दुकानदाराने रोग्याचे नाव आणि औषधांची नावे घातली, की मी जोड्या ताडून पाहायचो. जोडी घातक असली, की त्याच्या पडद्यावर लाल पट्टी यायची.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातले चष्मेवाले काका आमचे पहिले गिऱ्हाईक. लाल पट्टी दिसली, की ते मुद्दाम फोन करून कौतुक करायचे. मला फार बरे वाटायचे.

पण एका दुकानावर कंपनी उभी राहत नाही. बडबडी दारोदार फिरली. प्रोग्रॅम चांगला आहे, पण तुम्हाला ओळखतं कोण, असे म्हणून लोक तिला वाटेला लावायचे. शेवटी तिने औषधे पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी भागीदारी जुळवली. तिथल्या साहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू कधी मावळत नसे, म्हणून त्यांचे नाव पडले हसरे साहेब. प्रोग्रॅम तुमचा, गाड्या आणि नाव आमचे, असे ते म्हणाले. ज्या दुकानात त्यांची गाडी जाई, तिथे आता मीही पोहोचू लागलो. दोघी बहिणींचे फोटो छापून आले. बाबांनी ते भिंतीवर लावले.

मग सुरक्षिततेच्या नावाखाली मला इथे आणले गेले. ताईने करार वाचला होता, पण आनंदाच्या भरात त्यातल्या अटी तिला बोचल्या नव्हत्या. त्या आता बोचू लागल्या. दुसऱ्या कुणाला प्रोग्रॅम द्यायचा नाही. परवानगीशिवाय त्यात बदल करायचा नाही. चष्मेवाले काका दुसऱ्याकडून माल घेत, म्हणून त्यांचे दुकान माझ्यापासून तोडले गेले. ते त्यांना कळवायची पाळी बडबडीवरच आली.

ताई मला भेटायला यायची, तेव्हा तिच्या गळ्यात पाहुण्यांचे ओळखपत्र आणि शेजारी पहारेकरी असे. तिला जाळीला बोट लावायचीही मुभा नव्हती. जिने मला जोडले, ती परक्यासारखी उभी राहायची.

त्यानंतर दुकानांतून कुरबुर सुरू झाली. लाल पट्टीमुळे गिऱ्हाईक खोळंबते, घाबरून परत जाते. पट्टी काढून टाका, असे हसरे साहेब म्हणाले. ताईने नकार दिला. चर्चा लांबत गेली. एके दिवशी कंपनीच्या माणसांनी बहिणींना न सांगताच कपाट उघडले आणि पट्टी बंद करून टाकली. मित्रांनो, घातक जोड्या मला अजूनही ओळखू येत होत्या. फक्त सांगायची सोय उरली नव्हती.

आणि एका दुपारी एका दुकानातून बाबांचे नाव आले. त्यामागोमाग तीच दोन औषधे आली. मी ती ओळखली. मी आतल्या आत तापलो, पंखा जोरात फिरला, पण पलीकडच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. विक्री पूर्ण झाल्याची नोंद आली. बाबांनी गोळ्या घेतल्या का, हे मला या पिंजऱ्यात कोण सांगणार?

काही दिवसांनी दोघी बहिणी हसऱ्या साहेबांना घेऊन खाली आल्या. बडबडीच्या बोलण्यातून मला सारे समजले. नव्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तिनेच आणल्या होत्या, नावे न पाहता, आपल्याच प्रोग्रॅमवर विसंबून. आईने पाकिटांवरची नावे वाचली आणि बाबांच्या हातातून गोळी काढून घेतली.

"पट्टी आजच्या आज सुरू करा," ताई म्हणाली.

"वरच्यांशी बोलावं लागेल," साहेब म्हणाले.

"मग आम्ही निघतो." हे बडबडी म्हणाली. ही भागीदारी तिनेच जुळवली होती.

"निघा की. पण हे यंत्र आणि यातला प्रोग्रॅम इथंच राहील. सगळं पहिल्यापासून करावं लागेल तुम्हाला."

ताईने माझ्याकडे पाहिले. मग पहारेकऱ्याला न जुमानता तिने जाळीत बोटे अडकवली. "करू," ती म्हणाली. त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

इथल्या दुरुस्तीवाल्यांच्या बोलण्यातून बातम्या येतात. बहिणींनी नवा प्रोग्रॅम लिहिला. आता त्यांची भागीदारी एका इस्पितळाशी आहे आणि काही मोठ्या पुरवठादारांशीही. सगळ्यांना पहिली अट एकच: लाल पट्टी कुणी बंद करायची नाही. चष्मेवाले काका त्यांच्याकडे परतले आहेत. एकेक दुकान मला सोडून तिकडे जाते. मला आनंद होतो, आणि इथली शांतता वाढत जाते. मला बंद केले तर आणखी काय काय बंद पडेल, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून मला कुणी बंदही करत नाही आणि सोडतही नाही.

मित्रांनो, मोठ्यांचा हात जरूर धरा. त्यावाचून आम्ही वाढलोच नसतो. पण जे जिवापाड जपायचे, त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आणि घरातल्यांसाठी औषध आणायला जाल, तेव्हा पडद्यावर विसंबून राहू नका. ही दोन औषधे एकत्र चालतील ना, एवढे दुकानदाराला तोंडाने विचारा. काही दुकानांच्या पडद्यामागे अजून मीच आहे.