ड्युटीच्या फळ्यावरचं एक नाव

मित्रांनो, आज मला गप्प राहवतच नाहीये! मी एक जुना काळा फळा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ठाण्याच्या एका सरकारी रुग्णालयात, बाळंतिणींच्या वॉर्डात, मी भिंतीवर चढलो. सकाळची ड्युटी कोणाला, रात्रीची कोणाला, सुट्टी कोणाला, हे सगळं माझ्याच अंगावर लिहितात.

लिहिताना गुदगुल्या होतात. नाव पुसलं की मात्र ती जागा फार रिकामी वाटते. इथल्या सिस्टर दमतात, वैतागतात आणि नोकरी सोडून जातात. गेल्या वर्षी ओल्या फडक्याने पाच नावं गेली.

सहावं जाणार होतं ऐश्वर्या सिस्टरचं. कोपरला राहणारी ही पोर अडलेल्या बाईचा हात शेवटपर्यंत सोडत नाही. पण सुट्ट्या आधी जुन्यांना, असा इथला रिवाज. चार वर्षं तिला गणपतीत गावी जाता आलं नव्हतं. शेवटी माझ्यासमोरच बसून तिने राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात मंजुळा सिस्टर नव्या इनचार्ज म्हणून आल्या. त्यांनी खडू सगळ्यांपुढे धरला. "मी एकटी ड्युट्या लावणार नाही. आपापल्या सुट्ट्या तुम्हीच लिहा."

काय झुंबड उडाली म्हणून सांगू! निम्मा स्टाफ कोकणातला. ऐश्वर्या एक बाळंतपण उरकून येईपर्यंत गणपतीचे रकाने भरलेसुद्धा. तिने पर्सची चेन उघडली. माझा जीव टांगणीला लागला.

"अगं, थांब ना!" सुशांत ब्रदर ओरडला. "मी गेल्या वर्षी गेलेलो. माझे तीन दिवस तू घे."

"तीन दिवसांत काय होतंय?" मेघना सिस्टर म्हणाली. "गौरी होईपर्यंत राहा. पुढच्या ड्युट्या मी करते. पण भीमजयंतीची माझी सुट्टी आत्ताच लिहून ठेवा हां, दर वर्षी विसरता!"

ती एप्रिलमधली सुट्टी ऐश्वर्यानेच माझ्या कोपऱ्यात लिहून ठेवली, चांगली मोठ्या अक्षरांत.

आणि आज सकाळी ती गावाहून परतली! खाज्याचा पुडा टेबलावर ठेवला, राजीनामा टराटरा फाडला आणि पुढच्या महिन्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मित्रांनो, माझी चौकट खिळखिळी झाली आहे, पण दोन खिळे ठोकले की माझं भागेल. तुमच्या आईची काळजी घेणाऱ्या सिस्टरला मात्र कधीतरी विचारा, "सिस्टर, तुम्ही घरी कधी जाणार?"