दोन बोटं ढील

मी दत्तोबा शिंप्याची टेप बोलतेय. मेणकापडाची, साठ इंची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. चाकणच्या पेठेत दत्तोबाच्या गळ्यात मला अठरा वर्षं झाली. माझ्यापुढे उभी राहिली की माणसं पोट आत घेतात आणि छाती पुढे काढतात. मी सगळं जाणून असते, पण कुणाची लाज काढत नाही. सदरे-बंड्या मोजता मोजता मी दहा बिबटेही मोजलेत म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून तेवढी गोष्ट सांगते.

हे खूळ उद्धवराव मास्तरांचं. शाळेत ते भूगोल शिकवत. पन्नास साली पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. त्यात लिहिलं होतं, दक्षिण अमेरिकेत जग्वार म्हणून एक ठिपकेवाला आहे, आपल्या बिबट्याचा दूरचा भाऊबंद. गर्द जंगलात तो अंगानं बेताचा असतो आणि पाणथळ गवताळ मुलखात जवळजवळ दुप्पट वजनाचा भरतो. मग आपल्या बिबट्याचं काय? कोकणच्या दाट रानातला मोठा, की इथल्या भामचंद्राच्या उघड्या डोंगरावरचा? ते आपण मोजायचं, असं मास्तरांनी ठरवलं.

त्या काळी बिबट्या मारला की लोक बैलगाडीत घालून पेठेत आणत. मास्तरांचा निरोप आला की दत्तोबा हातातली सुई कापडाला टोचून ठेवी आणि मला घेऊन निघे. मास्तरांना हौस दांडगी, पण रक्त दिसलं की गरगरायचं. ते दहा पावलांवर पाठ करून, वहीत डोकं घालून उभे राहत आणि म्हणत, "सांगा दत्तोबा." दत्तोबा मला नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून फिरवी आणि सांगे, "चार फूट तीन." मास्तर लिहून घेत.

सहा वर्षांत नऊ बिबटे झाले. मुंबईच्या एका संग्रहालयातल्या साहेबांनी मास्तरांना कोकणातली मापं पाठवली होती. त्यांच्याहून आपले नऊच्या नऊ मोठे निघाले. मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. उन्हाळ्यात त्यांना निवृत्त व्हायचं होतं, त्याआधी ही मापं मुंबईला जायला हवी होती. "तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला भूगोल शिकवला, दत्तोबा," ते म्हणाले, "एक पान तरी माझं असावं."

पत्र टपालात टाकायच्या आठवड्यातच नाशिकच्या रस्त्यावर एका लॉरीखाली बिबट्या सापडला. दत्तोबा हिवतापानं अंथरुणात होता. मास्तर मला मागून घेऊन गेले. जनावराला वरून जखम नव्हती, म्हणून त्यांचा धीर झाला. साहेबांच्या पत्रात लिहिलं होतं तशी त्यांनी नाकाशी एक खुंटी ठोकली, शेपटीच्या बुडाशी दुसरी, बिबट्याला बाजूला केलं आणि मला दोन खुंट्यांमध्ये सरळ ताणलं.

तीन फूट दहा भरलं. पिल्लू असेल म्हणून त्यांनी तोंड उघडून पाहिलं, तर सुळे झिजलेले, म्हातारा नर. मग कसलीशी शंका येऊन त्यांनी मला दत्तोबासारखं पाठीवरून सोडलं. चार फूट दोन. म्हणजे आधीची नऊही मापं अशीच पाठीच्या बाकानं फुगलेली होती. मास्तर मातीतच बसले.

तिथून ते थेट दत्तोबाच्या बाजेपाशी आले.

"दत्तोबा, बिबट्याचं माप कसं घेता तुम्ही?"

"जसं मानसाचं. अंगाबरोबर, आन् दोन बोटं ढील. न्हाईतर काचतंय."

"कुणाला काचतं?"

"श्वास घ्याया जागा ठिवावी लागती, मास्तर," दत्तोबा हळूच म्हणाला.

मास्तरांना हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. "मग सगळ्यांतून दोन-दोन बोटं वजा करू."

"कुठं दोन ठिवली, कुठं तीन. जनावर बघून," दत्तोबा म्हणाला. मग कूस बदलून त्यानं सुचवलं, "पाठवा तशीच. जनावरं कवाच पुरली. कोन येतंय मोजाया?"

मास्तर वही उघडून त्या नऊ ओळी पुन्हा वाचू लागले, तेव्हा मला फार भीती वाटली.

"न्हाईतर असं लिवा, चूक शिंप्याची," दत्तोबा म्हणाला.

"चूक दोघांची. हात तुमचा होता आणि पाठ माझी होती," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिथेच नऊ ओळींवर काट मारली. मुंबईला एकच ओळ गेली. साहेबांचं उत्तर आलं, एका मापावरून काही ठरत नाही, आणखी पाठवा.

आणखी कुठून आणणार? तिकडे पिंपरीला कारखाना उभा राहिला, रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या, झाडी विरळ झाली. पेठेत बिबट्या येईनासा झाला. मास्तर निवृत्त झाले, तरी आठवड्यातून एकदा दुकानात येऊन विचारत, "काही खबर?"

अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात खबर आली. निघोज्याचा कोंडाजी दुकानात येऊन म्हणाला, "मास्तर, माझ्या हरभऱ्यापल्याड खडकावर वाघरू हाय."

दत्तोबानं मला खिशात घातलं. "मेलंय?"

"न्हाई, जितं हाय. रोज सकाळी उनाला बसतंय. उद्या बंदूक आनतो, मंग घ्या माप."

मास्तरांनी विचारलं, "शेळीला हात लावला का त्यानं?"

"न्हाई अजून."

"मग बंदूक राहू दे. शेळ्या तेवढ्या आत बांध."

"आवो, तुमच्या वहीत भर पडंल."

"राहू दे, कोंडाजी," मास्तर पुन्हा म्हणाले. एवढी वर्षं वाट पाहिली होती त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आणि दत्तोबा बांधाआड जाऊन बसले. बिबट्या खडकावर पसरला होता. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. आज मास्तरांनी पाठ केली नाही. मेलेले दहा बिबटे वहीत येऊन गेले होते, पण जिता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"मास्तर, केवढा हाय ओ," दत्तोबा कुजबुजला.

तीन फूट दहा हा आकडा मास्तरांइतका कुणाला ठाऊक होता?

"मोठा आहे," ते म्हणाले. "खूप मोठा आहे."

हे त्यांनी वहीत लिहिलं नाही. माझे आकडे आता पुसट झालेत, चाळिशीपुढचे तर वाचवतही नाहीत. लवकरच दत्तोबा नवी टेप आणेल आणि मी कुठल्यातरी गाठोड्याला बांधली जाईन. पण निघोज्याचा बिबट्या केवढा होता असं कुणी विचारलंच, तर मास्तर म्हणाले तेवढा, असं सांगा.