कॅप्टनचं आयुध

खंडेनवमीला कृष्णाजींच्या घरात ज्याचं त्याचं आयुध देवीपुढे यायचं. म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन्ही गाड्या झेंडूच्या माळा घालून दारात उभ्या असायच्या. आत पाना, जॅक, बायको पुष्पावतींचा मिक्सर, मुलगी रक्षिताचा लॅपटॉप. घराणं मूळचं रंगाऱ्याचं. कृष्णाजींनी रंग सोडून क्लच धरला, पण पूजा सोडली नाही. आयुधाला एकदा कुंकू लागलं की विजयादशमीच्या पूजेपर्यंत ते उचलायचं नाही, हा नियम. तो कृष्णाजी इतका कडक पाळायचे की गेल्या वर्षी शेजारच्या पांडुरंगरावांना नंजनगूडला एका मुंजीला जायचं होतं, तर दारातली गाडी न काढता त्यांना सोवळ्यासकट बसमध्ये बसवून दिलं होतं.

अडचण फक्त थोरल्याची, शिवप्रसादची. कृष्णाजींच्या शाळेतून लायसन्स घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुणाचीही सायकल चेपायला मोकळा व्हायचा. शिवप्रसादला विमानाचं लायसन्स मिळून तीन वर्षं होत आली होती आणि त्याच्यापासून अजून एका कबुतरालाही धोका नव्हता. कंपन्यांना नवे पायलट हवेच असायचे. त्यांनी आधी पुष्कळ उडवलेलं असावं, एवढीच माफक अपेक्षा असायची. तोवर शिवप्रसाद बापाच्या शाळेत बायकांना रिव्हर्स शिकवत होता.

पहिल्या वर्षी त्याने देवीपुढे सोनेरी पट्ट्यांचा शर्ट ठेवला होता. दुसऱ्या वर्षी कानाला लावायचा नुसता हेडसेट. या वर्षी आंघोळ करून आला आणि पान्याशेजारी आपला मोबाइल ठेवला.

"हे काय रे?" कृष्णाजींनी विचारलं.

"आयुध. तीन वर्षं दुसरं काय वापरलंय मी, अप्पा?"

"अय्यो, आणि दिल्लीचा फोन आला तर?"

दिल्लीच्या एका नव्या विमान कंपनीत शिवप्रसादची लेखी परीक्षा झाली होती, मुलाखत झाली होती. निकाल दसऱ्याच्या आठवड्यात फोनवर कळवू, उचलला नाही तर पुढच्या उमेदवाराला करू, असं त्यांनी बजावलं होतं. आणि ही खेप शेवटची, या वेळी नाही झालं तर विमानाचं नाव काढायचं नाही, असं शिवप्रसादनं घरात बजावलं होतं. कृष्णाजींचं जेवण तेव्हापासून अर्ध्यावर आलं होतं.

"आज आयुधपूजा. आज कोण फोन करतंय?" शिवप्रसाद म्हणाला.

"त्यांच्या दिल्लीत कुठली रे आयुधपूजा!"

"मग नियम बदलायचा का?"

"सुम्ने, उगाच वाद घालू नका दोघं," म्हणत पुष्पावतींनी मोबाइलवर कुंकवाचं बोट टेकवलंसुद्धा. विषय मिटला.

आरती झाली. पांडुरंगराव बरोबर प्रसादाच्या वेळेला आले. ते मूळचे पुण्याचे. म्हैसुरात येऊन पंधरा वर्षं झाली तरी चौकशीची सवय गेली नव्हती.

"काय कॅप्टन, आज आकाश कसं काय आहे?"

"मोकळं आहे काका. मी नाही ना त्यात."

तेवढ्यात झेंडूच्या पाकळ्यांखाली उजेड पडला आणि मोबाइल वाजायला लागला. रक्षितानं वाकून नंबर बघितला.

"अप्पा, दिल्ली."

"उचल रे," कृष्णाजी म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

शिवप्रसाद जागचा हलला नाही. "बेडा अप्पा, नको. वाजतोय तोवर बरं आहे."

कृष्णाजी त्याच्याकडे बघत राहिले. परीक्षेत गाडी बंद पाडलेले शिकाऊ लोक निकाल विचारायला आत जात नाहीत, चहाच्या टपरीवरच उभे राहतात. तो चेहरा त्यांनी आयुष्यभर बघितला होता, पण आपल्या घरात पहिल्यांदाच बघत होते.

मोबाइल थांबला. परत वाजला. कृष्णाजींनी देवीला हात जोडले, "स्वल्प क्षमा कर गं आई," म्हणाले आणि फोन उचलून कुंकवासकट कानाला लावला.

"येस. फादर स्पीकिंग."

पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिनं अभिनंदन केलं.

"निवड झाली!" कृष्णाजी एवढ्या जोरात ओरडले की पुष्पावतींच्या हातातली वाटी पडली. पांडुरंगरावांनी प्रसाद तोंडात कोंबला, चपला उलट्यासुलट्या अडकवल्या आणि ते बातमी घेऊन गल्लीत पसार झाले.

मुलीचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. कृष्णाजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "एकसुद्धा नाही?"

"नाही सर. ऑफिसात एक छोटंसं आहे, प्लास्टिकचं."

फोन ठेवून ते पाटावर बसले. "कंपनीची विमानं अजून आली नाहीत म्हणे. कधी येतील ते सांगता येत नाही. तोवर नेमणूक नाही. लायसन्स आणि तब्येतीचं सर्टिफिकेट आपल्या खर्चानं चालू ठेवायचं."

"म्हणजे नाहीच," शिवप्रसाद म्हणाला.

"असं कसं? निवड झालीय, अल्वा? झालीय ना?"

"अप्पा, दारात एकही गाडी नसती तर तुम्ही शाळेत मास्तर म्हणून कुणाची निवड केली असती?"

कृष्णाजी कानाला लागलेलं कुंकू पुसायला लागले.

"निदान पांडुरंगकाकांना तरी थांबवा कुणीतरी," म्हणत रक्षिता फाटकाकडे धावली आणि तिथेच उभी राहिली. गल्लीतली माणसं येत होती. पुढे पांडुरंगराव, त्यांच्या हातात म्हैसूरपाकाचा डबा. रिव्हर्स शिकणाऱ्या दोन बायकाही होत्या. आता आपल्याला कोण शिकवणार, या काळजीतसुद्धा त्या खूश दिसत होत्या.

खरं काय ते सांगायला कृष्णाजी उठले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत कुणीतरी त्यात म्हैसूरपाक घातला. शिवप्रसादनं बापाकडे एकदा बघितलं आणि तो पुढे झाला. सगळ्यांशी हात मिळवले, वडीलधाऱ्यांच्या पाया पडला.

"मग कॅप्टन, उडणार कधी?" पांडुरंगरावांनी विचारलं.

"विमान आल्यावर, काका."

सगळे खो खो हसले. पोरगा नोकरी लागताच विनोदीही झाला, असं गल्लीत ठरलं. पुष्पावती डोळे पुसत चहा टाकायला गेल्या. म्हैसूरपाक चघळत कृष्णाजीही हसले. शिवप्रसाद तेवढा हसला नाही. हे वाक्य त्याला अजून पुष्कळ दिवस, पुष्कळ जणांना सांगायचं होतं.